एकशे बत्तीस सेंटिमीटरचा कटला

नेकनूर
२७ जानेवारी २०२५

सौ. छबुवहिनींना सोमेश्वरचा नमस्कार.

"भावजींना म्हणावं फोन करू नका, भाकरी करपते, काय ते लिहून धाडा," हा तुमचा निरोप मिळाला. मागचा फोन एक तास चार मिनिटं चालला होता, हे मी नंतर पाहिलं. तक्रार रास्त आहे. म्हणून हे पत्र दुधाच्या गाडीबरोबर देतो आहे.

तुम्ही माझ्या चुलतभावाच्या पत्नी. पण हे पत्र भावजयीला नाही, चिंचझरी तलावाच्या मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनला आहे, असं समजून वाचावं. मला तुमच्या तलावावर गळ-छावणी भरवायची परवानगी हवी. वर्षभर, महिन्यातून एक रविवार. पाच तंबू, दहा पाहुणे. पुणे, नाशिक, लातूर इथली माणसं आहेत. एक दंतवैद्यसुद्धा आहे. गळ टाकतील, मासा पकडतील, मोजतील, फोटो काढतील आणि परत सोडतील.

होय, परत सोडतील. तुम्ही इथं हसाल, म्हणून स्पष्टच लिहितो. हा खेळ आहे. गळाला उलटा दात नसतो. मासा ओल्या गादीवर ठेवायचा, कोरड्या हातानं शिवायचं नाही, आणि वीस सेकंदांच्या आत पाण्यात. एकविसावा सेकंद माझ्या छावणीत नाही.

आपल्या घराण्यात सगळे जाळंवाले. मी एकटा मोटारी वाइंडिंग करतो आणि गळ टाकतो, म्हणून लग्नकार्यात माझी जी चेष्टा होते ती मला ठाऊक आहे. पण हे ज्ञान मला कुणी दिलेलं नाही. बावीस वर्षं मी स्वतः शिकलो. एवढी एक छावणी नीट भरली, तर बावीस वर्षं मी नुसता पाण्याकडं बघत बसलो नव्हतो, हे चार माणसांना कळेल. दुसरं मला काही नको.

दादांना नमस्कार.

आपला,
सोमेश्वर


चिंचझरी
३१ जानेवारी

सोमेश्वर भावजींना छबुबाईचा नमस्कार.

पत्र मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. गादीपाशी आले आन् वाचनच बंद पडलं. भिवराबाई म्हणली, माशाला गादी? आमचे मालक अठ्ठावीस वर्षं सतरंजीवर हायेत. मग पाच मिनिटं कुणी ऐकायच्या मनस्थितीत नव्हतं.

भावजी, एक सांगा. आमी जाळं टाकतो, मासा घेतो, विकतो. तुमी सहा तास बसता, एक मासा घेता, त्याचा फोटो काढता आन् "जा बाबा" म्हणता. त्या माशानं काय समजायचं?

तरी मी एका रविवारची परवानगी काढली हाय. २३ फेब्रुवारी. ती नीट पार पडली तर वर्षाची सही करीन. पण माशाचं बीज आमी सोडलेलं हाय, मासा सभासदांचा हाय. म्हणून अट: एक जरी मासा मेला तरी छावणी कायमची बंद. मग तुमी घरच्या हौदात गळ टाकून बसा, रुक्मिणीजाऊबाई तुमचा फोटो काढतील.

दुसरी अट. उद्घाटनाला विठ्ठलरावांना बोलवा. झेडपीला एकदाच निवडून आलते, त्याला चौदा वर्षं झाली, पण न बोलावता इथं काही केलं की ते बंद पाडायला मात्र लगेच येतात.

छबुबाई


नेकनूर
१० फेब्रुवारी

छबुवहिनी, नमस्कार.

दोन्ही अटी मान्य.

तयारी कळवतो. गेल्या रविवारी मी तलावाची खोली मोजली. दोरीला सहाशे ग्रॅमचा नट बांधून एकूण एकेचाळीस ठिकाणी. पिंपरणीच्या झाडापासून अडतीस पावलांवर साडेनऊ फुटांचा डोह आहे. सकाळी वारा तिकडूनच, ऊन पाठीमागून. कटला मासा तिथंच येणार. याला अंदाज म्हणत नाहीत, याला अभ्यास म्हणतात. दहाही पाहुणे तिथंच बसतील.

आमिष माझं स्वतःचं: भाजलेली पेंड, बेसन, गूळ, बडीशेप आणि आणखी एक वस्तू, जी मी रुक्मिणीलाही सांगितलेली नाही. (ती म्हणते, "मी विचारलंय कधी?")

आता तीन विनंत्या. सकाळी सात ते बारा पिंपरणीकडं म्हशी नकोत. धुणं नको. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, सत्कार नको. विठ्ठलरावांनी यावं, एकदा गळ टाकावा, आम्ही टाळ्या वाजवू, त्यांनी चहा घ्यावा आणि जावं. माईक नको, शाल नको, नारळ नको. माशाला पाण्यातून आवाज कळतो.

सोबत म्हशींविषयीची सूचना मोठ्या अक्षरांत लिहून पाठवली आहे. झाडाला लावावी.

सोमेश्वर


चिंचझरी
१४ फेब्रुवारी

भावजी,

सूचना लावली. एक म्हैस येऊन बराच वेळ बघत होती. मग तिथंच पाण्यात बसली.

सत्कार न्हाई म्हणून विठ्ठलरावांना कळवलं. ते म्हणले, "मग मी येऊन करू काय?" बरोबर हाय त्यांचं. सत्कार होणार. शाल आणली, नारळ आणला. माईक बंकट आणणार हाय. बंकट आमचा राखणदार हाय हे तुमाला ठाऊक हाय, पण त्याला माईकवर बोलायचा लई नाद हाय हे आता कळंल.

आन् माशाला आवाज कळतो तर बरंच हाय. विठ्ठलराव आलेत हे त्याला पण कळू द्या.

छबुबाई


नेकनूर
२४ फेब्रुवारी

छबुवहिनी, नमस्कार.

काल गडबडीत निरोप न घेता निघालो, क्षमस्व. छावणीचा अहवाल देतो.

सकाळी ६.४० ला पहिला गळ पाण्यात. ६.४० ते ९.१० या काळात पिंपरणीच्या डोहात एकही मासा लागला नाही. याची कारणं: बंकटचं "हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग" (मी मोजलं, त्रेसष्ट वेळा), एक म्हैस, आणि दंतवैद्यांचं घोरणं. डोहाची निवड चुकली असं मात्र कृपया कुणी म्हणू नये.

९.११ ला विठ्ठलराव आले. मी त्यांना गळाची छडी दिली, डोह दाखवला, हात कसा फिरवायचा ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बरोबर उलट्या दिशेला, धुण्याच्या दगडांकडं गळ फेकला. आणि ९.१४ ला त्यांना कटला लागला. गोष्टी अशाही घडतात.

लांबी एकाहत्तर सेंटिमीटर. वजन माझ्या सूत्रानं सहा किलो आठशे. डाव्या कल्ल्यामागं एक खवला कमी. सगळं वहीत आहे. मासा पाण्याबाहेर काढून विठ्ठलरावांच्या हातात दिला, एक फोटो झाला, आणि वीस सेकंदांच्या आत मासा पाण्यात होता.

सत्कार राहिला होता, म्हणून विठ्ठलराव स्वतः होऊन गुडघाभर पाण्यात उतरले. मासा त्यांच्या दोन हातांत, पाण्याखाली. त्याच स्थितीत शाल, नारळ आणि पुष्पगुच्छ झाला. भिवराबाईंनी माशालाही कुंकू लावलं. ते लगेच धुऊन गेलं. नारळ तरंगत लांब गेला. मग मासा सोडला. शेपटीचा एक फटकारा मारून तो खोल गेला. दहाही पाहुणे उठून उभे राहिले. वहिनी, दंतवैद्य रडले. बावीस वर्षांत असा दिवस मी पाहिला नव्हता.

एकही मासा मेला नाही. अट पाळली. आता वर्षाची सही करावी.

सोमेश्वर


चिंचझरी
२६ फेब्रुवारी

भावजी,

"स्वतः होऊन उतरले" हे वाचून तुमचे दादा घास तोंडात असताना हसले. आता ठसका थांबला हाय.

विठ्ठलराव उतरले न्हाईत. तुमी त्यांच्या कमरेचा पट्टा धरला आन् म्हैस ओढावी तसं पाण्यात ओढलं. साऱ्या गावानं बघितलं. बंकट माईकवर म्हणत होता, "सन्माननीय पाहुणे आता जलप्रवेश करीत आहेत." त्यांचा डावा बूट गाळात राहिला तो अजून तिथंच हाय. तुमच्या नियमानं तो बी परत सोडला असं धरायचं का?

ते रागावले असते. पण फोटो लई चांगला आला. पालीच्या फाट्यावर त्यांनी मोठा फ्लेक्स लावलाय. "गळ-छावणीचे उद्घाटक, तलावपुत्र विठ्ठलराव." मासा एवढा दिसतोय की त्यांचं तोंड त्याच्यामागं झाकलंय. त्याच्यानं फोटो आणखी चांगला झालाय.

दुसरं, धुण्याच्या दगडाकडं मासा का लागला त्याला कारण हाय. बाया तिथंच भांडी घासतात. आठ दिवस मी त्यांना सांगितलं होतं, उरलेली भाकरी तिथंच टाका म्हणून. भावजी पाहुण्यांसमोर रिकाम्या हातानं बसू नयेत एवढंच मनात होतं. तुमचा डोह तुमाला लखलाभ.

आता वाईट बातमी. काल मंगळवारी सकाळी एक मोठा कटला मरून काठाला लागला. सभासद म्हणतेत, हा तोच, सत्काराचा. अट तुमी मान्य केलती. रविवारी मीटिंग हाय. मला काय ते सांगा.

छबुबाई


नेकनूर
२७ फेब्रुवारी

छबुवहिनी,

पत्र वाचून दुकान बंद केलं.

भाकरीबद्दल नंतर बोलू. (डोह साडेनऊ फूटच आहे.) पट्ट्याबद्दलही नंतर बोलू.

मेलेला मासा तोच कशावरून? तलावात हजारो कटले आहेत. कृपा करून घाई करू नका. त्या माशाची लांबी मोजावी: तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, दोरी ताणून, वाकडी न करता. दोरी तिथंच कापावी आणि मला पाठवावी. मी इथं टेपनं मोजतो. सत्काराचा मासा एकाहत्तर. एक सेंटिमीटर इकडं-तिकडं झालं तर मान्य करीन. त्याहून जास्त फरक असेल तर तो दुसरा मासा आहे आणि मी निर्दोष आहे.

बंकटला सांगा, हे काम सरकारी मोजणीइतकं काटेकोर झालं पाहिजे. दोन दिवस मला जेवण गेलेलं नाही. (पत्र आज आलं, पण मन परवापासूनच खात होतं.)

सोमेश्वर


चिंचझरी
२८ फेब्रुवारी

भावजी,

बंकटला सांगितलं. त्यानं आज मोजून दोरी आणली. सोबत पाठवतीय. मी बीडला तहसीलला गेलते, मोजताना नव्हते. तो म्हणतो, काटेकोर मोजलंय, ट्रॅक्टरवर चढून.

छबुबाई


नेकनूर
१ मार्च

छबुवहिनी,

घाईत लिहितो आहे, अक्षर सांभाळून घ्या.

दोरी एकशे बत्तीस सेंटिमीटर आहे.

मी तीन वेळा मोजली. एकदा टेपनं, एकदा पट्टीनं, एकदा शेजारच्या कापड दुकानातल्या गजानं. एकशे बत्तीस! म्हणजे माझा मासा वेगळा आणि मी निर्दोष, हे तर झालंच. पण वहिनी, मला आता त्याचं काही वाटत नाही. आपल्या तलावात एकशे बत्तीस सेंटिमीटरचा कटला होता! सूत्रानं वजन चव्वेचाळीस किलो. ट्रॅक्टरवर का चढावं लागलं ते आता लक्षात आलं. एवढा जीव जमिनीवर राहून कसा मोजणार!

तो जिवंत असताना आम्ही त्याच्यापासून काही हातांवर बसलो होतो, आणि तो आमच्याकडं बघून, बंकटचा माईक ऐकून, निघून गेला. मंगळवारी तो गेला. वयोमानानंच गेला असणार.

मी सर्व गळवाल्यांना कळवलं आहे. पुण्याचे तिघं उद्या त्याच्या दर्शनाला निघत आहेत. तोवर त्याला बर्फात ठेवावं. उद्याच्या मीटिंगमध्ये माझ्या परवानगीचा विषय घेण्याआधी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं, ही विनंती.

सोमेश्वर


चिंचझरी
१ मार्च, संध्याकाळ

भावजी,

दूधवाल्याला थांबवून लिहितीय. पुण्याच्या लोकांना आधी माघारी धाडा.

तुमचा कागद आला तोवर मेलेला मासा कुत्र्यांनी नेलता. बंकटनं मला सांगितलं न्हाई. त्यानं डोकं चालवलं. म्हणतो, "मोजायचा मासा सत्काराचाच का, एवढंच बघायचंय न्हवं? मग सत्काराचा मासा फाट्यावर लागलाय की." ट्रॅक्टर फाट्यावर नेला, चढला, आन् फ्लेक्सवरचा मासा मोजून आला. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, दोरी ताणून, वाकडी न करता.

मी म्हणलं, "बंकट, तो फोटो हाय बे!" तर म्हणतो, "फोटो बी त्याचाच हाय न्हवं? मग माप बी त्याचंच."

स्तब्ध उभं राहायचं ते तुमी घरी राहा.

मीटिंग एक आठवडा पुढं ढकलली हाय. आता ना मासा हाय, ना माप हाय. कुणाला काही सिद्ध करता येत न्हाई. तुमी म्हणाल ते सभासदांना सांगते.

छबुबाई


नेकनूर
५ मार्च

छबुवहिनी, नमस्कार.

पुण्याचे तिघं पोचलेच. मी त्यांना फाट्यावर नेऊन फ्लेक्स दाखवला. एकानं फ्लेक्सबरोबर फोटो काढून घेतला. बाकीचे दोघं माझ्याशी बोलत नाहीत.

पण तिथं उभा असताना मी तो फ्लेक्स नीट पाहिला. त्यात विठ्ठलरावांची विजार कोरडी आहे. मासा त्यांच्या हातात, पाण्याबाहेर. आणि त्यांच्या खांद्यावर शाल आहे.

मी तुम्हाला लिहिलं होतं की शाल पाण्यात दिली. ते खोटं आहे.

घरी येऊन मी सगळ्या पाहुण्यांकडून त्यांच्या मोबाइलमधले फोटो मागवले. फोटोवर वेळ असते, सेकंदासकट. मासा बाहेर आल्याचा पहिला फोटो ९ वाजून १७ मिनिटं ८ सेकंद. मी विठ्ठलरावांचा पट्टा धरल्याचा फोटो ९ वाजून १८ मिनिटं ४२ सेकंद. चौऱ्याण्णव सेकंद, वहिनी. वीस नव्हे.

शालीची पिशवी सुतळीनं बांधलेली होती. बंकट दातानं गाठ सोडवत होता आणि विठ्ठलराव "अजून एक घ्या, अजून एक," म्हणत होते. घड्याळ माझ्या मनगटावर होतं. मी मुद्दाम त्याच्याकडं पाहिलं नाही. माणूस नाराज झाला तर परवानगी जाईल, असं वाटलं. मासा तोंड उघडत-मिटत होता, तेही मला दिसत होतं. शेवटी राहवलं नाही तेव्हा ओढलं. मग अहवाल लिहायला बसलो आणि वीसचा आकडा लिहिला, कारण तोच आकडा मी गेली बावीस वर्षं लोकांना सांगत आलो आहे.

मंगळवारचा मासा तोच होता की नाही, मला माहीत नाही. पण तो नव्हताच, असं म्हणायचा अधिकार मला राहिलेला नाही. तुम्ही सभासदांना काय सांगायचं ते मला विचारलंत. चौऱ्याण्णव सांगा. अर्ज मी मागं घेतो.

विठ्ठलरावांच्या बुटाची भरपाई देईन. नंबर कळवावा.

सोमेश्वर


चिंचझरी
९ मार्च

सोमेश्वर भावजींना छबुबाईचा नमस्कार.

मीटिंग आज झाली. तुमचं पत्र वाचलं. ह्या बारीला कुणी हसलं न्हाई. भिवराबाई म्हणली, "एवढं लिहायला कुणी सांगितलं होतं त्यांना?" मी म्हणलं, कुणीच न्हाई.

मग विषय निघाला बंद करायचा. तर सोसायटीचा सेक्रेटरी म्हणला, बंद कसं करता? फाट्यावर लिवलंय, उद्घाटन विठ्ठलरावांच्या हस्ते. बंद केलं तर त्यांचं उद्घाटन कुणी पुसलं म्हणून ते उद्या दारात येतील. फ्लेक्स उतरवून घ्यायला जायला कुणी तयार झालं न्हाई. त्यामुळं छावणी बंद करता येत न्हाई, असं एकमतानं ठरलं.

ते सभासदांचं कारण. माझं वेगळं हाय.

उन्हाळ्याच्या तोंडाला दोन-चार मासे मरतातच. अट मी तुमाला जरा दाबात ठेवायला घातलती. मंगळवारचा मासा कशानं मेला ते माशालाच ठाऊक. पण छावणीच्या रविवारी मी काठावर उभी होते. बीज सोडताना मोजायची सवय हाय मला, तोंडातल्या तोंडात मोजत ऱ्हाते. मासा बाहेर आला तवापासून मोजत होते. तुमच्या पहिल्या अहवालात वीस वाचलं आन् कागद तांदळाच्या डब्याखाली ठेवून दिला. वीसवर मी सही करणार नव्हते, मग मासा मरो न्हाईतर शंभर वर्षं जगो.

आज केली. वर्षाची. पण एक नियम माझा: आधी सत्कार, ग्रामपंचायतीत, खुर्चीवर बसवून. मग गळ. आन् शालीची पिशवी उघडी आणायची.

बुटाचा नंबर नऊ हाय.

माझ्या मोजणीनं शंभर झालते. तुमचे चौऱ्याण्णव धरू.

छबुबाई